मिरग, मुंग्या आणि मंडळाचा पर्जन्यमापक

जूनचा पहिला आठवडा सरला की तुळजापूर तालुक्यात चहाच्या हॉटेलापासून देवळाच्या पायरीपर्यंत एकच विषय असतो : पेरायचं कधी? एकरी साधारण तीस किलो सोयाबीनचं बियाणं, खताची पोती, ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी, सगळा खर्च त्या एका निर्णयावर अवलंबून. पहिल्या सरीवर भरवसा ठेवून पेरलं आणि मग पंधरा दिवस उघडीप पडली, तर दोन पानांवर आलेलं रोप करपतं आणि दुबार पेरणी नशिबी येते. वाट पाहत थांबलं तर ओल उडून जाते, मूग-उडदाची वेळ टळते आणि पुढची रब्बीही मागे सरकते. अणदूर, काक्रंबा, सावरगाव, आपसिंगा, कुठल्याही गावच्या पारावर या दिवसांत बसलं तर मोबाइलवर आलेला हवामान विभागाचा इशारा आणि ‘बांधावरच्या मुंग्यांनी अंडी हलवली’ ही बातमी एका दमात ऐकू येते. कुणी सांगतं, यंदा कावळ्यानं घरटं चिंचेच्या आतल्या फांदीत केलंय. कुणी विचारतं, मिरगाचं वाहन काय निघालंय?

या बोलण्याला शिकलेला एक वर्ग अडाणीपणा म्हणतो आणि विषय संपवतो. दुसरा वर्ग पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असं सांगत त्याच खुणा मोबाइलवरून पुढे ढकलतो. दोघांपैकी कुणीही एकही ठोकताळा तपासून पाहिलेला नसतो. ज्याचं बियाणं मातीत जाणार आहे त्याला या दोघांचाही उपयोग नाही. त्याला एवढंच हवं आहे की कोणत्या खुणेवर विसंबायचं आणि कोणत्या खुणेला फक्त हात जोडायचे, हे कुणीतरी त्याच्या शिवारातल्या नोंदींवरून सांगावं. हे काम होऊ शकतं, आणि ते तुळजापुरातच सुरू होऊ शकतं.

तुळजापूर बालाघाटच्या कड्यावर वसलेलं आहे. पश्चिमेकडून येणारे ढग बरंचसं पाणी सह्याद्रीवर सोडूनच इकडे येतात. कोकणात तीन हजार मिलिमीटरपर्यंत जाणारा पाऊस इथे सातशे-साडेसातशेच्या आसपास उरतो, आणि तोही जून ते ऑक्टोबर असा तुटक तुटक. ही तफावत फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रदेशवार पावसाचं मान दिलं आहे. त्यात गोदावरीकाठच्या अश्मक देशाला साडेतेरा द्रोण पाऊस लिहिला आहे, आणि अपरान्तात म्हणजे कोकणात तो मोजदादीपलीकडचा सांगितला आहे. कोठाराजवळ हातभर रुंद तोंडाचं भांडं ठेवून पाऊस मोजावा, अशी सूचनाही त्याच ग्रंथात आहे. आणि त्याच ग्रंथात गुरू-शुक्राच्या स्थितीवरून पावसाचा अंदाज बांधायलाही सांगितलं आहे. मोजणं आणि खुणा पाहणं ही दोन्ही कामं तेव्हा एकाच राज्यव्यवस्थेच्या हाती होती. पुढे मोजण्याचं भांडं गावातून गेलं आणि खुणा तेवढ्या राहिल्या. नुकसान झालं ते तिथे.

खुणांमधली सगळ्यात पक्की चौकट नक्षत्रांची. ७ किंवा ८ जूनला सूर्य मृगात जातो आणि तिथून तेरा-चौदा दिवसांचा एकेक टप्पा सुरू होतो. आर्द्रा झाल्या की पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस, मग पुष्याचा ‘म्हातारा’, पुढे आश्लेषा, मग मघा-पूर्वांचा सासू-सुनांचा पाऊस, उत्तरा, सप्टेंबर संपताना ‘हत्तीचा’ म्हणजे हस्ताचा, आणि शेवटी चित्रा-स्वाती. मराठेशाहीच्या कागदपत्रांतला सुहूर सन मृगाला सुरू होई, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. शेतीचं आणि वसुलीचं वर्ष पावसापासून मोजायचं, हा त्यातला सरळ व्यवहार होता. या चौकटीकडे भाकीत म्हणून न पाहता वेळापत्रक म्हणून पाहिलं की तिचं मोल लक्षात येतं. मूग-उडीद मृग-आर्द्रात पडले पाहिजेत, रब्बीची ज्वारी उत्तरा-हस्ताच्या ओलीवर साधली पाहिजे, स्वातीचा पाऊस झाला तर हरभरा-करडईला तो मोत्यासारखा, एवढं सगळं शेतकऱ्याच्या डोक्यात अकरा नावांत बसलेलं असतं. धाराशिव जिल्ह्याच्या शेतीत सप्टेंबरच्या पावसाला किती महत्त्व आहे, हे हवामानशास्त्राच्या सरासऱ्या सांगतात आणि हस्ताची वाट पाहणारा माणूसही सांगतो.

वाहनाची गोष्ट मात्र वेगळी. बेडूक, म्हैस, हत्ती ही पाण्याची वाहनं, कोल्हा-मेंढा कोरडी, असं पंचांग पाहून सांगितलं जातं. हे वाहन ठरतं ते सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून आणि येणाऱ्या आकड्याला नवाने भागून. उरलेल्या बाकीवरून घोडा की बेडूक ते निघतं. या हिशेबात ढग नाही, वारा नाही, समुद्र नाही आणि बालाघाटही नाही. तुळजापूरला निघालेलं वाहन महाबळेश्वरलाही तेच असतं. ज्या दोन ठिकाणच्या पावसात कित्येक पटींचं अंतर आहे, तिथे एकच बेडूक काय सांगणार?

नक्षत्रांच्या चौकटीतही एक बारीक अडचण आहे आणि ती पंचांग पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यायला हवी. नक्षत्रं मोजली जातात स्थिर ताऱ्यांवरून, तर ऋतू ठरतो सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनावरून. पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश दिशा बदलत असल्यामुळे या दोन मोजण्यांत सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवसाचं अंतर पडतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरापासून आजपर्यंत हे अंतर तीन आठवड्यांचं झालं आहे. त्याच्या काळी सूर्य मृगात शिरे तेव्हा ऋतुमानाने मे महिन्याचा मध्य असे. त्या काळच्या ग्रंथांत एखाद्या नक्षत्राला जोडलेलं पावसाचं फळ आजच्या त्याच नक्षत्राला जसंच्या तसं लावता येत नाही, याचं कारण एवढं साधं आहे. शिवाय पाऊसही वेळापत्रक मोडतो. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. तेव्हा रोहिणी नक्षत्र नुकतंच लागलं होतं आणि मृगाला जवळपास दोन आठवडे बाकी होते.

वराहमिहिराने स्वतः एक फरक केला होता, तो नंतरच्या लोकांनी पुसला. बृहत्संहितेत ‘गर्भलक्षण’ नावाचा अध्याय आहे. मार्गशीर्षापासून दिसणाऱ्या ढगांवरून १९५ दिवसांनी पडणाऱ्या पावसाचा अंदाज त्यात आहे. आणि ‘सद्योवर्षण’ नावाचा वेगळा अध्याय आहे, त्यात आज-उद्या पडणाऱ्या पावसाच्या खुणा आहेत. अंडी घेऊन निघालेल्या मुंग्या तिथे आहेत, झाडावर चढणारे साप आहेत. दूरचा अंदाज आणि जवळचा अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दीड हजार वर्षांपूर्वी स्पष्ट होतं. आज पारावरच्या चर्चेत दोन्ही एकाच टोपलीत पडतात, आणि मुंग्यांची खूण खरी ठरली म्हणून वर्षभराच्या भाकितावरही विश्वास बसतो.

आधी जवळच्या खुणा पाहू. चंद्राला खळं पडलं की माणसं त्याचं अंतर पाहतात : खळं लांब तर पाऊस जवळ, खळं जवळ तर पाऊस लांब. यामागे भौतिकशास्त्र आहे. मोठं खळं पडतं ते फार उंचावरच्या, बर्फाच्या कणांनी बनलेल्या विरळ ढगांमुळे. एखादा कमी दाबाचा पट्टा सरकत येत असेल तर त्याच्या वरच्या बाजूने असे ढग पुढे पसरतात. चंद्राला चिकटलेलं लहान तेजोवलय पाण्याच्या बारीक थेंबांच्या पातळ ढगामुळे दिसतं आणि त्यातून पाऊस येईलच असं काही नसतं. खूण दर वेळी खरी ठरणार नाही, पण तिला कारण आहे. मुंग्यांचंही तसंच. जमिनीतली ओल आणि हवेतला दमटपणा वाढला की वारुळातली अंडी त्या उंचावर हलवतात. माणसाच्या अंगाला चिकचिक जाणवण्याआधी मुंगीला ते कळत असेल तर त्यात चमत्कार कसला? वाऱ्याची दिशा ही तर या भागातली सगळ्यात जुनी आणि विश्वासाची खूण. मराठवाड्यातले मोठे पाऊस बहुतेकदा बंगालच्या उपसागरावरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांतून येतात. त्यामुळे उगवतीकडून वारा फिरला आणि तिकडचं आभाळ काळवंडलं की इथला म्हातारा शेतकरी कडबा झाकायला निघतो. तो बरोबरच करतो.

मृगाचा किडा या सगळ्यांत वेगळा. मखमली लाल रंगाचा हा इवलासा जीव पावसानंतर बांधावर दिसू लागला की लोक म्हणतात, मिरग निघाला. हा किडा वर्षाचा बराच काळ जमिनीत दडून असतो आणि माती चांगली भिजली की वर येतो. म्हणजे तो येणाऱ्या पावसाबद्दल काही सांगत नाही. जो पाऊस पडून गेला तो मातीत किती मुरला, याचा तो पुरावा आहे. पंख फुटलेल्या वाळवीचे थवे दिव्याभोवती जमतात तेही पहिल्या चांगल्या पावसाच्या सुमारास. पेरणीसाठी नेमकी हीच माहिती लागते.

इथे थोडं थांबायला हवं, कारण तुळजापूरच्या शेतीचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची आणि कृषी विभागाची दर वर्षीची सूचना असते : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. सूचना अगदी योग्य आहे. पण शेतकऱ्याच्या शेतात पर्जन्यमापक नसतो. महसूल मंडळाच्या ठिकाणी ८० मिलिमीटर नोंदला गेला तरी चार किलोमीटरवरच्या शिवारात ३० पडलेला असू शकतो. आणि समजा ८० पडलाच, तरी बालाघाटच्या बरड, मुरमाड रानात तो निचरून जातो, आणि खालच्या काळ्या जमिनीत आठवडाभर धरून राहतो. म्हणून जुनी माणसं मिलिमीटर विचारत नाहीत. ती रानात जातात, चार ठिकाणी उकरून पाहतात, ओल वीतभर खाली गेली का ते बघतात, मूठभर माती दाबून तिचा लाडू होतो का आणि बोटाने दाबल्यावर तो फुटतो का ते पाहतात. वापसा आला का, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. ही खूण कुठल्याही हवामान केंद्राला देता येणार नाही इतकी नेमकी आहे, कारण ती त्या शेताच्या मातीची आहे. तिला अंधश्रद्धा म्हणणारा माणूस शेतात गेलेला नाही. दुःखाची बाब अशी की पेरणी ट्रॅक्टरवर गेल्यापासून आणि ट्रॅक्टरवाला येईल त्या दिवशी पेरायची वेळ आल्यापासून ही उकरून पाहण्याची सवय झपाट्याने सुटत चालली आहे. कावळ्याचं घरटं मात्र मोबाइलवर फिरतं.

पक्ष्यांच्या खुणांबद्दल बोलायचं तर मारुती चितमपल्ली यांचं नाव घ्यावंच लागतं. तुळजापूरहून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवरच्या सोलापुरात १९३२ मध्ये जन्मलेल्या या वनाधिकारी लेखकाने आदिवासी, पारधी आणि शेतकरी यांच्याकडून पावसाचे संकेत गोळा करून लिहून ठेवले. कावळ्याने झाडाच्या कोणत्या बाजूला घरटं केलं, टिटवीने अंडी नदीपात्रात घातली की उंचावर, बहावा कधी फुलला, बिब्ब्याला बहर कसा आला, अशी ती टिपणं होती. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच ते गेले. त्यांनी केलेलं काम मोलाचं होतं. मात्र ते अर्ध्या वाटेपर्यंतचं काम होतं, आणि पुढचं अर्धं आपलं. अमुक खूण लोक मानतात हे त्यांनी नोंदवलं. ती खूण किती वर्षं खरी ठरली आणि किती वर्षं फसली, हे मोजण्याचं काम फारसं कुणी हाती घेतलं नाही. कावळा घरटं बांधतो ते मे महिन्याच्या आसपास. त्या वेळच्या वाऱ्याचा जोर, झाडाचा आडोसा, शेजारची कोकिळा हे त्याच्या समोर असतं. ऑगस्टमधला ढग त्याला दिसत असेल असं मानायला आधार नाही. पण मे महिन्यातला वारा आणि पुढचा पाऊस यांचा काही संबंध असेलच, तर दहा वर्षांच्या नोंदींतून तो दिसेल. नसेल तर तेही दिसेल.

आता वर्षाच्या भाकितांकडे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडून भोवती अठरा धान्यं ठेवायची, घटात चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पापड-कुरडई, विडा. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही आणि पहाटे पाहून पाऊस, पीक, राजा यांचं भाकीत सांगायचं. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही परंपरा सुरू केली असं मानतात आणि वाघ घराणं ती आजही चालवतं. सोलापुरात सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत होमाच्या रात्री उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, पान, सुपारी ठेवून भाकणूक होते. मराठवाड्याच्या घराघरांत अक्षय तृतीयेला पाण्याच्या केळीखाली चार ढेकळं ठेवून कोणतं जास्त भिजलं ते पाहिलं जातं. या विधींमागची भावना खरी आहे : कोरडवाहू माणसाला चार महिन्यांच्या अनिश्चिततेपुढे उभं राहण्यासाठी काहीतरी आधार हवा असतो, आणि तो त्याने मातीकडे, धान्याकडे, गोऱ्ह्याकडे मागितला. तरीही पेरणीचा पैसा या भाकितावर लावू नये. जाहीर होणारे शब्द बहुतेकदा ‘साधारण’, ‘कमी-जास्त’, ‘कुठे भरपूर तर कुठे कमी’ असे असतात आणि अशा शब्दांत कुठलंही वर्ष बसतं. जे फसूच शकत नाही त्यावर विसंबून निर्णय घेता येत नाही.

तुळजापूरच्या घटाचं मात्र तसं नाही, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. शारदीय नवरात्रात आई तुळजाभवानीच्या देवळात घटस्थापना होते तशी ती घरोघर होते. रानातली काळी माती आणायची, पत्रावळीवर किंवा परडीत पसरायची, त्यात गहू, ज्वारी, हरभरा, करडई असं घरातलं धान्य पेरायचं आणि मध्ये घट ठेवून नऊ दिवस पाणी घालायचं. दसऱ्याला उगवण डोक्यावर खोवून माणसं सीमोल्लंघनाला जातात. घट दाट उगवला तर रब्बी चांगली, असं म्हणतात. त्याने पाऊस कळत नाही. पण पेरलेलं धान्य जर घरचं बियाणं असेल, तर त्याची उगवण कशी आहे हे नक्की कळतं, आणि तेही रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर. कृषी विभाग खरिपाआधी हेच सांगत असतो : शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले तर बियाणं पेरणीजोगं समजा. ज्या घरातल्या बाईने एका कोपऱ्यात मोजून शंभर दाणे पेरले, तिच्या घटाने देवीची पूजाही होईल आणि बियाण्याची परीक्षाही. आईच्या दारातून हा एक बदल सांगितला गेला तर धाराशिवच्या प्रत्येक गावात तो पोहोचेल.

विज्ञानाचा इतिहास पाहिला तर तोही खुणांपासूनच सुरू झालेला दिसतो. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ मध्ये मान्सूनचा पहिला दीर्घकालीन अंदाज दिला तो हिमालयातल्या बर्फावरून : बर्फ जास्त तर पाऊस कमी. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरातले हवेचे दाब, तापमान, पाऊस यांचे आकडे जमवून कशाचा कशाशी मेळ बसतो ते शोधलं, आणि त्यातूनच प्रशांत महासागराच्या दोन बाजूंमधला दाबाचा झोका हाती लागला. आज एल निनोबद्दल आपण जे बोलतो त्याची सुरुवात तिथे आहे. आपले वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये सोळा घटकांचं प्रारूप आलं. सोळा खुणाच होत्या त्या, समुद्राच्या, बर्फाच्या, वाऱ्याच्या, दाबाच्या. चौदा वर्षं ते प्रारूप चाललं. २००२ च्या जुलैमध्ये देशभर पावसाने दगा दिला, अंदाज साफ चुकला, आणि पुढच्याच वर्षी हवामान विभागाने ते बाजूला ठेवून नवी प्रारूपं आणली. गावच्या खुणा आणि या खुणा यांच्यात फरक आहे तो इथे. गावात फसलेली खूण विसरली जाते आणि खरी ठरलेली लक्षात राहते. तिथे दोन्हींची नोंद झाली, आणि ज्या खुणेने दगा दिला तिला रजा मिळाली.

आणि मोठ्या संकटाच्या वेळी ठोकताळे किती तोकडे पडतात, हे धाराशिवने नुकतंच अनुभवलं आहे. १३ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं, तेलंगण ओलांडून मराठवाडा-सोलापूरवरून अरबी समुद्राकडे गेलं. त्या पावसात शेतात कापून पडलेलं सोयाबीन पाण्यात कुजलं. हस्त सरून चित्रा लागल्या होत्या, पावसाळा उरकला असं मानून माणसं काढणीला लागली होती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीच्या पुराने परंडा-भूम भागात गावंच्या गावं वेढली आणि बचाव पथकं उतरवावी लागली. अशा वेळी उपग्रह, रडार आणि समुद्रावरची निरीक्षणं हाच आधार असतो. विजेचंही तसंच आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गुराख्याला तो इशारा कुठलीही मुंगी देऊ शकणार नाही.

मग शेतकरी सरकारी अंदाजावर का विसंबत नाही? कारण तो अंदाज बराच काळ त्याच्या शिवारापर्यंत पोहोचलाच नाही. ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी’ या वाक्यातून नळदुर्गच्या माणसाने काय घ्यावं? जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी चुकलेल्या अंदाजाबद्दल हवामान विभागाविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली होती. त्या रागात दुबार पेरणीचा खर्च होता. परभणी जिल्ह्यातल्या पंजाबराव डख यांच्या संदेशांची मराठवाडाभर वाट पाहिली जाते, त्याचंही कारण हेच : तारीख, तालुका आणि आपल्या बोलीतलं एक वाक्य. २६ मे २०२५ पासून ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मुळे अंदाजाची जाळी बारा किलोमीटरवरून सहा किलोमीटरवर आली, हे चांगलंच झालं. पण जाळी बारीक होत असताना माणसं कमी झाली. २०१८ पासून देशातल्या १९९ जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रांतून उभी राहिलेली जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४ मध्ये बंद केली गेली. अंदाज वाचून तो स्थानिक पिकाच्या भाषेत सांगणारा माणूस काढून घेणं ही चूक होती आणि ती दुरुस्त व्हायला हवी.

महसूल मंडळांत बसवलेली स्वयंचलित केंद्रं ही आपल्या हातातली मोठी ताकद आहे. राज्यात अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत. तुळजापूर तालुक्यात नळदुर्ग, जळकोट, मंगरूळ, सावरगाव, इटकळ, सलगरा या मंडळांचा रोजचा पाऊस नोंदला जातो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची अतिवृष्टी झाली की नाही, यावर भरपाई ठरते, म्हणून या आकड्यांवर भांडणंही होतात. तेच आकडे ठोकताळे तपासायला वापरले तर? एका रकान्यात मंडळाचा पाऊस, दुसऱ्यात गावातल्या खुणा, तारखेसकट. मुंग्या कधी निघाल्या, खळं कधी आणि किती लांब पडलं, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, बहावा कधी फुलला, मृगाचा किडा कधी दिसला, ओल किती बोटं गेली. फसलेली खूणही तितक्याच प्रामाणिकपणे लिहायची. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी भरून नर-मादी धबधबे सुरू झाले की ती तारीखही लिहायची. पाणीमहालासमोर उभं राहून छायाचित्र काढणाऱ्या हजारोंपैकी कुणी ती वर्षानुवर्षं लिहून ठेवली असती, तर आज नदीखोऱ्याच्या पावसाचा एक सुंदर दाखला आपल्याकडे असता.

हे करायला लागणाऱ्या संस्था तुळजापुरात आहेत. कृषी विज्ञान केंद्र इथे आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं ग्रामीण संकुल १९८६ पासून इथे आहे आणि तिथली मुलं गावागावांत फिरतात. जिल्हा परिषदेच्या शाळा प्रत्येक गावात आहेत आणि आभाळाकडे पाहायला मुलांना शिकवावं लागत नाही. कृषी विज्ञान केंद्राने येत्या मृगाआधी एक साधा नोंदतक्ता छापावा, प्रत्येक मंडळातल्या दोन शाळांना आणि दोन जाणत्या शेतकऱ्यांना तो द्यावा, आणि दर दिवाळीला मंडळाच्या पावसाशी ताडून निकाल गावसभेत वाचून दाखवावा. जाणत्या माणसांना लवकर गाठावं. ज्यांच्या हाताला वापशाची माती कळते ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. आणि ज्या घरांत अक्षय तृतीयेला केळीखाली चार ढेकळं ठेवली जातात, त्यांनी ती यंदाही जरूर ठेवावीत. कोणतं ढेकूळ आधी विरघळलं ते तारखेसह वहीत लिहावं, आणि ऑक्टोबरात आपल्या मंडळाचे जून ते सप्टेंबरचे आकडे त्याच पानावर उतरवून ते शाळेत नेऊन द्यावं.